कामगाराचा रविवार आणि चिमुकले हेलिकॉप्टर



व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना ही मुद्रणाची चूक वाटली असेल. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी रीत पडून गेली आहे. त्या विषयांवर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतच असतो. आज मात्र ती सारी भांडणे ज्या गोष्टीसाठी करायची, तिच्याविषयी बोलावे असे ठरवून आलो आहे. ती गोष्ट म्हणजे कामगाराची फुरसत. फुरसतीवर नुसते तात्त्विक बोलण्यात अर्थ नाही, समोर एखादे ठसठशीत उदाहरण हवे. म्हणून हे चिमुकले हेलिकॉप्टर रोह्याहून मांडीवर घेऊन आलो. ते माझे नव्हे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल खात्यात काम करणाऱ्या एका तरुण फिटरचे आहे. त्याची आज दुसरी पाळी आहे, तेव्हा यंत्र सभेला आले आणि यंत्राचा धनी कामावर राहिला. बॅटरी काढून ठेवलेली आहे. पुढच्या रांगेतल्या मुलांनी निर्धास्त बसावे.

प्रथम रविवारची गोष्ट सांगतो, कारण छंद हे सुटीचे अपत्य आहे. सुटी नसेल तर छंद जन्मालाच येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. आज आपण रविवारी सकाळी उशिरा उठतो तेव्हा लोखंड्यांची आठवण कोणाला होत नाही. होऊ नये असेही नाही. पण मिळालेली वस्तू इतकी अंगवळणी पडावी, हा एका अर्थी त्यांचा विजयच आहे.

त्या सुटीत काय करायचे हे कोणी कोणाला सांगायचे नाही, हेच तिचे मोल. गिरणगावातल्या कामगारांनी तिच्यात भजनी मंडळे काढली, आखाडे काढले, नाटके बसवली. आमच्या रोहे तालुक्यात कबड्डीचे संघ उभे राहिले. आताच्या तरुणाचा हात यंत्रावर बसलेला आहे. तो सुटीतही यंत्राकडेच वळतो, याचे काही मंडळींना नवल वाटते. मला वाटत नाही. कारखान्यातले यंत्र त्याला चालवते. सुटीतले यंत्र तो चालवतो. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

हे खेळणे आहे काय, असा पहिला प्रश्न येतो. होय, खेळणे आहे. पण खेळण्याला कमी लेखू नये. फ्रान्समधल्या पेनो नावाच्या तरुणाने १८७०च्या सुमारास रबराच्या पिळावर उडणारे हेलिकॉप्टर केले. तसलेच बुचाचे, बांबूचे आणि कागदाचे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांना आणून दिले. मुलांनी ते मोडेपर्यंत उडवले आणि मग स्वतः तसेच आणखी केले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. मोठेपणी त्यांनी केलेले विमान १९०३ साली उडाले. माणूस घेऊन जाणाऱ्या हेलिकॉप्टरला मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे लागली. इगोर सिकोर्स्की याचे यंत्र १९३९ साली जमिनीवरून उठले. त्याच काळात अमेरिकेतच आर्थर यंग नावाचा एक माणूस बारा-तेरा वर्षे छोटी छोटी हेलिकॉप्टरे करत होता, पाडत होता, पुन्हा करत होता. शेवटी त्याला स्थिर राहणारी युक्ती सापडली. १९४१ साली ते छोटे यंत्र घेऊन तो बेल कंपनीत गेला आणि त्यातून बेल ४७ हे हेलिकॉप्टर निघाले. नागरी वापराचा परवाना मिळालेले ते जगातले पहिले हेलिकॉप्टर, साल १९४६. म्हणजे येथे खेळण्याने मोठ्या यंत्राची नक्कल केली नाही. मोठे यंत्रच खेळण्याच्या बोटाला धरून चालायला शिकले. बिनतारी संदेशावर उडणारे छंदाचे हेलिकॉप्टर त्यानंतर आले. १९७०च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या डीटर श्लूटर याने ते व्यवहारात आणले.

आता यंत्राकडे वळू. मागे बसलेल्यांना दिसावे म्हणून वर धरतो. ही वरची दोन मोठी पाती आणि हे शेपटीचे लहान पाते. पाते फिरले की हवा खाली ढकलली जाते आणि यंत्र वर जाते, इतके आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण पाते फिरू लागताच एक अडचण उभी राहते. हातातले ड्रिल मशीन लोखंडात अडकले की मनगटाला उलटा हिसका बसतो, हे येथील फिटर मंडळींना सांगायला नको. तसाच हिसका या धडाला बसतो. पाती एका दिशेला फिरली की धड दुसऱ्या दिशेला गिरक्या घेऊ लागते. त्याला आवर घालण्यासाठी शेपटीचे पाते. पूर्वी तो तोल उडवणाऱ्याला अंगठ्याने सांभाळावा लागे. आता जायरो नावाचा बारीकसा भाग ते काम करतो.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. यंत्र वर न्यायचे तर पात्यांची गती वाढवावी, असे कोणालाही वाटेल. स्वस्त खेळण्यांत तसेच करतात. पण या यंत्रात गती जवळजवळ तीच ठेवतात आणि पात्यांचा कोन बदलतात. दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढवला की यंत्र वर, कमी केला की खाली. पुढे जायचे असेल तर मात्र पाते फिरत असतानाच त्याचा कोन एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त व्हावा लागतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा, आणि मिनिटाला अडीच हजार फेरे! हे साधते या मधल्या थाळीने. तिला स्वॅशप्लेट म्हणतात. तिचा खालचा भाग स्थिर, वरचा पात्यांबरोबर फिरणारा, आणि दोहोंमध्ये बेअरिंग. तीन छोट्या मोटारी तिला हवी तशी तिरकी करतात. आणखी एक चमत्कार पाहा. फिरत्या भोवऱ्याला पुढून टोचले तर तो मागे न पडता बाजूला कलतो. फिरत्या पात्यांचेही तसेच. म्हणून यंत्र पुढे झुकवायचे तर पात्याला हुकूम सुमारे पाव फेरा आधी पोहोचवावा लागतो. ही सोय दांड्यांच्या जोडणीतच करून ठेवलेली असते. एवढी बुद्धी या वीतभर जागेत मावलेली आहे.

हे उडवायला शिकणे म्हणजे तळहातावर काठी उभी धरायला शिकणे. काठी कधीच स्थिर नसते; आपण तिला क्षणोक्षणी सावरत असतो आणि पाहणाऱ्याला ती स्थिर दिसते. यंत्राची शेपटी आपल्याकडे असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. तोंड आपल्याकडे फिरले की सारे उलटे होते, न्हाव्याच्या आरशात पाहून स्वतःच केस कापावेत तसे. म्हणून शिकणाऱ्याने आधी कित्येक दिवस शेपटी स्वतःकडे ठेवून, कंबरेइतक्या उंचीवर, एकाच जागी यंत्र धरून ठेवायचे असते. येथेच निम्मे लोक कंटाळतात. ज्याला लगेच आकाशात गिरक्या घ्यायच्या आहेत, त्याचे यंत्र लवकर बांधावर आपटते.

येथे मला पेणच्या कारखान्यांची आठवण होते. गणपतीच्या मूर्तीला माती, साचा, घासकाम, रंग यांसाठी दहा हात लागतात. पण डोळ्यांची आखणी करायला बसतो तो एक कसबी माणूस. कुंचला टेकताना तो श्वास रोखतो. त्याचा हात एका दिवसात तसा झालेला नसतो, आणि एकट्याने तर मुळीच झालेला नसतो. शेजारी बसून त्याने दुसऱ्याचा हात वर्षानुवर्षे पाहिलेला असतो. छोट्या हेलिकॉप्टरवर अंगठे ठेवणाऱ्यालाही तोच मार्ग आहे.

आपल्या भागाला या छंदासाठी निसर्गाने बरेच दिले आहे. भात कापून झाले की डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत खारेपाटात आणि कुंडलिकेच्या काठाने सपाट, मोकळी शेते पडून असतात. सकाळी आठ-नऊपर्यंत वारा पडलेला असतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. मग नवशिक्याने यंत्र पेटीत घालावे. पथ्येही आहेत. ज्या शेतात वाल पेरला आहे तेथे पाय घालायचा नाही. शेताच्या धन्याला विचारल्याखेरीज उतरायचे नाही. विजेच्या तारा, गुरे, वाटसरू आणि घारी यांच्यापासून दूर राहायचे. खाऱ्या हवेने बेअरिंग आणि स्क्रू गंजतात, तेव्हा उडवून झाल्यावर पुसणे आणि तेल देणे चुकवायचे नाही. पावसाळ्याचे चार महिने उडवणे बंद. पण तेच दुरुस्तीचे आणि जोडणीचे दिवस. संगणकावर खोटे हेलिकॉप्टर उडवण्याचा सराव करता येतो. तेथे शंभर वेळा पडले तरी खर्च शून्य.

आता धोक्याविषयी. हे बोलल्याशिवाय मी हा विषय कोणापुढे मांडत नाही. समजा, पात्यांचा घेर टोकापासून टोकापर्यंत ७० सेंटिमीटर आहे आणि मिनिटाला २५०० फेरे होत आहेत. तर टोकाचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. वहीत गुणाकार करून पाहा. कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर जाळी नसेल तर आम्ही काम थांबवतो. येथे तर पाते उघडेच आहे. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये एकोणीस वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच छोट्या हेलिकॉप्टरचे पाते लागून मेला. तो नवशिका नव्हता, चांगला तरबेज होता. दुसरा धोका बॅटरीचा. लिथियमच्या एका कोषाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जिंगला लावून झोपायचे नाही. ती पेट घेते तेव्हा विझवायला अवघड जाते.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. २०२१च्या ड्रोन नियमांत दूरनियंत्रित हेलिकॉप्टरही येते. २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र, आणि पैसे कमावण्याचा हेतू नसेल तर दोन किलोपर्यंतचे, उडवायला त्या नियमांनी उडवणाऱ्याचा परवाना मागितला नाही. पण कोठे उडवायचे यावर नकाशाचे बंधन घातले. आता नवी मुंबईचा विमानतळ आपल्या जिल्ह्यातच सुरू झाला आहे. तेव्हा उडवण्यापूर्वी सरकारी नकाशा आणि चालू नियम पाहणे हे पहिले काम.

यापुढे जे सांगणार आहे, त्यासाठीच मी हा विषय घेतला. २००९ साली 'थ्री इडियट्स' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात चार पात्यांचे एक छोटे उडते यंत्र दाखवले आहे. ते पवईच्या आय. आय. टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी केले होते. त्यांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. २०१३च्या उत्तराखंडच्या महापुरात अडकलेल्यांचा शोध घेण्यासाठी त्यांची यंत्रे वापरली गेली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगातून माणसांचे प्राण वाचवणारी वस्तू निघाली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

तोच चित्रपट यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावातल्या एका मुलानेही पाहिला. शाळा लवकर सुटलेली, पोटासाठी वेल्डिंगची कामे. त्या चित्रपटाने त्याच्या मनात हेलिकॉप्टर भरले, असे वर्तमानपत्रांत आले होते. मारुती गाडीच्या इंजिनावर त्याने स्वतः बसून उडायचे हेलिकॉप्टर तयार केले. दिवसा पोटाचे काम, उरलेल्या वेळात हे काम. ऑगस्ट २०२१मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या थोडे दिवस आधी, चाचणी चालू असताना पाते तुटले आणि ते लागून तो गेला. त्याचे वय चोवीस.

बंधुभगिनींनो, या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो. बुद्धीत कोण कमी होता? माझ्या मते कोणीच नाही. हाताच्या कौशल्यात तर फुलसावंगीचा तरुण कदाचित सरसच असेल. मग फरक कशाचा? पवईच्या मुलांना प्रयोगशाळा होती, विचारायला शिक्षक होते, आणि "अरे, हे तुटेल" म्हणणारे बरोबरीचे सोबती होते. त्याच्यापाशी कौतुक करणारे गाव होते, पण त्याचे जोड तपासणारा कोणी नव्हता. त्याने आधी असे हातभर यंत्र करून पाडले असते, दहा वेळा मोडले असते, चौघांनी मिळून त्याचे तुकडे तपासले असते, तर धातूला कंपने कशी खातात हे त्याला रक्त न सांडता कळले असते. छोट्या यंत्राचा खरा उपयोग हा आहे. ते पडते तेव्हा माणूस उभा राहतो आणि शिकतो. मात्र त्यासाठी शेजारी दुसरा माणूस लागतो.

आमच्या रोह्याच्या फिटरचेच पाहा. त्याचे यंत्र तीनदा पडले. दोनदा त्याने एकट्याने दुरुस्त केले आणि ते पुन्हा त्याच कारणाने पडले. तिसऱ्यांदा एका निवृत्त टर्नरने मुख्य दांडा काचेवर ठेवून फिरवून दाखवला; केसभर वाकलेला होता. चाळीस वर्षे लेथवर गेलेला तो डोळा! निवृत्तीनंतर त्या डोळ्याला कोणी काही विचारीत नव्हते. त्या दिवसापासून दर रविवारी म्हातारा शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसतो आणि त्याने स्क्रू तपासल्याशिवाय यंत्र उठत नाही. उडवताना हाक देणारा एक सोबती लागतो. कोणी माणूस किंवा गुरू जवळ आले की तो सांगतो. हा नियम मला आमच्या संघटनेच्या कोणत्याही ठरावाइतकाच आवडतो: एकट्याने उडवायचे नाही.

येथे काहीजण दोन आक्षेप घेतील. पहिला असा की हा श्रीमंतांचा षोक आहे. चांगल्या यंत्राची किंमत कामगाराच्या महिन्याच्या पगाराला भिडते, हे खरे. पण पाच जणांत एक यंत्र घेता येते. त्यात तोटा नाही, फायदाच आहे. कारण एक उडवतो तेव्हा चौघे पाहतात, आणि पडले तर पाचही जण दुरुस्त करतात. दुसरा आक्षेप असा की आता स्वतः तोल सांभाळणारे ड्रोन मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ड्रोन उपयोगी आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्यात तोल यंत्र सांभाळते आणि माणूस चित्र पाहतो. येथे दांडा, सांधा, बेअरिंग, कोन, सारे हाताखालून जाते. चालत्या मोटारीत बसणे वेगळे आणि इंजिन उघडणे वेगळे.

तिसरी गोष्ट कोणी विचारण्यापूर्वीच सांगतो. या छंदाने नोकरी मिळेल, असे आमिष मी दाखवणार नाही. मिळाली तर आनंद आहे. पण रविवार हा मालकासाठी फुकट प्रशिक्षण घेण्याकरिता मिळवलेला नाही. माणसाला आपल्या बुद्धीचा आणि हाताचा वापर स्वतःच्या मर्जीने करता यावा, चुकला तर पगार कापला जाऊ नये, जमले तर शाबासकी सोबत्याने द्यावी. असे आठवड्यातून चार तास त्याच्या वाट्याला यावेत. ज्याला ते चार तास मिळतात तो कारखान्यातही मान खाली घालून वागत नाही, हा माझा अनुभव आहे.

या यंत्रातली एक शेवटची युक्ती सांगतो. हवेत असताना मोटार बंद पडली तर यंत्र दगडासारखे पडलेच पाहिजे असे नाही. पात्यांचा कोन लगेच कमी केला की खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. त्यांच्यात साठलेली गती अगदी जमिनीजवळ आल्यावर एकदाच खर्च करायची, कोन वाढवायचा, आणि यंत्र अलगद टेकते. वरच घाबरून ती उधळली तर खाली काही उरत नाही. संपाचा निधी सांभाळणाऱ्याला हे लगेच पटेल. पण ही युक्ती पुस्तकातून येत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी उभे राहून शिकावी लागते.

तेव्हा पेणकरांकडे आणि आमच्या रोहेकरांकडे माझे मागणे थोडे आहे. गावात एक लांब बाक, एक व्हाइस, थोडे पाने आणि चांगला उजेड असलेली एक खोली महिन्यातून दोन रविवार मोकळी मिळावी. वाचनालयाची मिळो, शाळेची मिळो, आय. टी. आय.च्या कर्मशाळेची मिळाली तर उत्तमच. एका शेताच्या धन्याने उन्हाळ्यापुरते शेत द्यावे. निवृत्त फिटर, टर्नर, वायरमन यांनी आठवड्याला दोन तास द्यावेत. मुलींना दारातून परत पाठवू नये. आणि भिंतीवर चार ओळींची पाटी असावी: सोबत्याशिवाय उडवू नये, माणसाच्या डोक्यावरून नेऊ नये, बॅटरी लावण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू दुसऱ्याने पाहावा, पडलेले यंत्र तपासल्याशिवाय पुन्हा उठवू नये.

यासाठी देणगीदार शोधत बसण्याचे कारण नाही. मृग लागायला अजून अवधी आहे. पाऊस सुरू झाला की बाकावर बसून जोडायला चार महिने मिळतील, आणि भात निघेपर्यंत पहिले यंत्र तयार होईल. आपल्या गल्लीतही लोखंड जोडत रात्री जागणारा एखादा मुलगा असेलच. त्याला हसू नका, आणि नुसती टाळीही वाजवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याचा जोड एकदा हाताने हलवून पाहा.